पहिला नंबर कोणाचा?

गेल्या ऑक्टोबर महिन्यात फातिमेच्या यात्रेस जाण्याचा योग आला, तेव्हा आमच्या पिशवीत जपमाळेबरोबर घडी घातलेला एक कागदही होता. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या भाचीने तो आमच्या हाती दिला होता. बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर तिने पणजीस राहून दोन वर्षे पोर्तुगीज भाषा शिकून घेतली. आजीच्या औषधी पाल्यापासून तिला झाडापेडांचे जे वेड लागले, ते वाढत जाऊन आता पोर्तुगालात वनस्पतींचा अभ्यास करावा, असे तिने मनात घेतले आहे. कागदावर त्या देशाच्या नामांकित विद्यापीठांची नावे आणि प्रत्येकापुढे त्याचा जगातील नंबर लिहिला होता.

निघताना ती म्हणाली, "मामा, नंबर मी वाचले आहेत. तिथे दिवस कसा जातो, तेवढे तुम्ही पाहून या." आमचे मेहुणे मात्र बोलले नाहीत. मुलीच्या शिक्षणासाठी ओढ्याकाठची भाताची जमीन बँकेकडे गहाण टाकावी लागणार होती, आणि टाकायचीच तर ती पहिल्या नंबरासाठीच टाकावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

यात्रा आटोपल्यावर आम्ही प्रथम लिस्बनला आलो. ज्या ताग नदीच्या मुखातून 1579 साली फादर स्टीफन्स यांचे गलबत गोव्याकडे निघाले, ती नदी पाहून 'क्रिस्तपुराणा'च्या कोणाही वाचकाचे मन भरून येईल. पण आम्हांस विद्यापीठ गाठायचे होते. येथे 1911 साली स्थापन झालेले लिस्बन विद्यापीठ आणि 1930 साली स्थापन झालेले तांत्रिक विद्यापीठ 2013 मध्ये एकत्र करण्यात आले. इमारती त्याच राहिल्या, अध्यापकही तेच राहिले. परंतु दोहोंचे संशोधन एका नावाखाली मोजले जाऊ लागले.

नंबर कसे ठरतात, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. शांघायहून 2003 पासून जी यादी निघते, तिच्यात विद्यापीठाशी संबंधित नोबेल पारितोषिके, प्रमुख शास्त्रीय मासिकांतील लेख आणि त्या लेखांचा इतरांनी केलेला उल्लेख यांना मोठे वजन असते. इतर याद्या विद्वानांची मतेही विचारतात. या गोष्टी खोट्या नव्हेत, पण पहिल्या वर्षाच्या मुलीला खोली मिळेल काय, आजारी पडल्यास तिची विचारपूस कोण करील, हे त्यांत कोठेच मोजलेले नसते. शिवाय याद्यांचे आपसांत एकमत नाही. काही याद्यांत लिस्बन आणि पोर्तो ही विद्यापीठे पुढे दिसतात. लंडनच्या एका यादीत मात्र अलीकडे अनेक वर्षे पोर्तुगालात पहिला मान 1967 साली स्थापन झालेल्या कॅथलिक विद्यापीठाला मिळाला. आमच्या बहिणीला हे ऐकून मोठा आनंद झाला असता. पण त्या संस्थेची ख्याती मुख्यत्वे कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि धर्मविज्ञान यांची. आमच्या भाचीला हवी होती झाडे.

याद्यांची आणखी एक गंमत पाहा. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक 1949 साली मिळवणारे एगाश मोनीश शिकले कोइंब्रात आणि प्राध्यापक होते लिस्बनला. तेव्हा त्यांचे श्रेय कोणाचे? आणि 1998 साली साहित्याचे नोबेल मिळवणारे जुझे सारामागो? ते भूमिहीन शेतमजुरांच्या घरात जन्मले, गरिबीमुळे यंत्रकाम शिकले आणि कोणत्याही विद्यापीठात गेलेच नाहीत.

लिस्बनमध्ये आम्हांस सर्वांत अधिक ऐकू आली ती खोल्यांची तक्रार. पर्यटकांचा ओघ वाढल्यापासून जुन्या वस्तीतील घरे त्यांच्यासाठी सजू लागली आणि विद्यार्थी दूर उपनगरांत ढकलले गेले. पोर्तोतही हेच गाऱ्हाणे आमच्या कानी आले. ते शहर आहे मात्र देखणे. तेथील वास्तुकलेच्या विद्यालयाचा लौकिक तर जगभर पसरला आहे. तेथे शिकलेले आल्वारू सीझा आणि सोतू द मोरा या दोघांनाही वास्तुकलेचे प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आहे. ज्या मुलाला घरे बांधण्याची विद्या हवी, त्याच्या पित्याने पोर्तोचा विचार जरूर करावा.

परतीच्या वाटेवर आम्ही कोइंब्रास उतरलो. कागदावर हे नाव लिस्बन आणि पोर्तो यांच्या खाली होते. मोंदेगू नदीकाठी टेकडी, टेकडीवर राजवाडा, आणि राजवाड्यात विद्यापीठ! दीनीश राजाने 1290 साली स्थापलेले हे विद्यापीठ कधी लिस्बनला, कधी येथे, असे फिरत राहिले आणि 1537 साली कायमचे कोइंब्रास स्थिरावले. याच नगरात सांताक्रूझच्या मठात पादुआच्या संत अंतोनींनी अध्ययन केले, आणि येथेच 1220 साली ते फ्रान्सिस्कन झाले. वर जाण्यास 125 पायऱ्यांचा एक जिना आहे. तो चढताना आमचा दम आणि अभिमान दोन्ही उतरले.

राजवाड्याच्या मनोऱ्यावरील घंटेला विद्यार्थी 'काब्रा' म्हणजे शेळी म्हणत आले आहेत, कारण ती त्यांना अभ्यासाला बोलवी. शेजारी अठराव्या शतकातील ग्रंथालय आहे. तेथे रात्री वटवाघळे उडतात आणि पुस्तके खाणारे किडे टिपतात. म्हणून संध्याकाळी मेजांवर चामडी आच्छादने घालतात आणि सकाळी झाडलोट करतात. काळे झगे घातलेली मुलेमुली उतारावरून लगबगीने जात होती. 1772 च्या सुधारणेबरोबर जन्मलेल्या वनस्पती-उद्यानात आम्ही बराच वेळ बसलो. हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवरील गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला, हे तेथे आठवले, आणि भाचीचा हट्ट अगदीच परका नव्हे असे वाटले.

आपल्याकडील मुले येथे पूर्वीही आली होती. मडगावचे आदेओदातो बार्रेतो येथे शिकत असता 1928 साली त्यांनी तेलो मस्कारेन्यस आदी सोबत्यांसह 'इंदिया नोव्हा', म्हणजे 'नवा भारत', हे पत्र काढले. राज्यकर्त्यांच्याच नगरात बसून त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली! पुढे 17 एप्रिल 1969 रोजी गणित विभागाच्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाने राष्ट्राध्यक्षांसमोर बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली आणि त्याच रात्री त्याला अटक झाली. असे धैर्य कोणत्या यादीत मोजतात?

दुपारी विद्यार्थ्यांच्या खानावळीत, जेथे त्यांना सरकारी दराने तीनेक युरोंत पूर्ण जेवण मिळते, केप व्हर्द बेटांवरील एक मुलगी एकटी जेवत होती. आमच्या मोडक्या पोर्तुगीज भाषेला तिने धीराने उत्तरे दिली. येथील दगडी घरांत हिवाळ्यात ओल आणि थंडी फार, अध्यापक भरभर बोलतात, आणि पहिला महिनाभर ती रात्री रडत असे, असे तिने सांगितले. नवागतांची थट्टा करण्याची रीतही येथे आहे. ती नाकारता येते, पण नाकारणाऱ्याला मन घट्ट करावे लागते. मग ती हसून म्हणाली की, वरच्या वर्गातील एक मुलगी तिची 'माद्रिन्या', म्हणजे धर्ममाता, झाली. तिनेच तिला 'रेपुब्लिका' नावाच्या घरात नेले. तेथे विद्यार्थी मिळून घर चालवतात, कामे वाटून घेतात, मतदानाने निर्णय करतात आणि एका मेजावर जेवतात. आज ते सारे परीक्षेत गुंतले होते, म्हणूनच ती एकटी होती.

घरी आल्यावर आम्ही बागेचे आणि वटवाघळांचे वर्णन रंगवून केले. भाचीने ते ऐकून घेतले आणि विचारले, "त्या मुलीला माद्रिन्या किती दिवसांनी भेटली, मामा?" हे आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही चार दिवसांचे पाहुणे. तिला तेथे तीन वर्षे काढायची होती.

मग मेहुण्यांनी हिशेब मांडला. पदवीच्या अभ्यासासाठी तेथील नागरिकाला अलीकडच्या वर्षांत सुमारे 697 युरो वार्षिक शुल्क पडत आले, पण परदेशी विद्यार्थ्याकडून कोइंब्रा विद्यापीठ 7000 युरो घेते. तीन वर्षांचे 21000, आणि राहणे-जेवणे वेगळे. लिस्बनच्या खोलीचे भाडे त्यात धरताच हिशेब जमिनीबाहेर गेला. कोइंब्राचे धरले तेव्हा अर्धीच जमीन गहाण टाकून भागेल असे दिसले. भाचीने कागद पुढे ओढला, नंबर खोडले आणि प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहिले: माझा विषय तेथे कोण शिकवतो? मी कोठे राहीन? अडचणीत कोणाचे दार ठोठावीन? पहिल्याचे उत्तर ती पत्राने मागवणार आहे. दुसऱ्यासाठी निघण्यापूर्वीच खोली ठरवणार आहे. तिसऱ्याचे उत्तर घरी बसून मिळणारे नाही, हे तिनेच वडिलांना सांगितले.

कोइंब्राचा अर्ज तिने भरला आहे. मेहुणे अजूनही मधूनच विचारतात, "पण पहिला नंबर तो नव्हे ना?" तथापि परवा बँकेतून कागदपत्रे आणण्यास ते स्वतःच गेले होते.