गुण्यातला उजेड

रंधा मारलेल्या फळीच्या कडेला गुण्या लावायचा, फळी खिडकीकडे धरायची आणि एक डोळा मिटायचा. पातं आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर कड अजून वाकडी. रेघ मिटली की काटकोन जमला. आमच्या सुतारकामाच्या वर्गात निकाल असा लागायचा. सरांनी काही बोलायच्या आधीच तो आपल्याला कळलेला असायचा.

भूमितीच्या वहीत अर्धा अंश पेन्सिलीच्या टोकाखाली खपून जातो. लाकडी चौकट तो लक्षात ठेवते. पहिले तीन सांधे निमूट बसतात, आणि चौथ्याशी आल्यावर सगळी तूट एकदम पुढ्यात येते. अशा वेळी हातोडी मारून बसवण्याचा मोह होतो. लाकूड चिरतं.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलं ते लाकडातून भूमिती शिकण्याच्याही पुढचं होतं. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला: हस्तव्यवसाय हा जादा विषय नको, त्याच्याच आधाराने बाकीचे विषय शिकवावेत. टाकळीवरच्या सुतात गणित आहे, कापसात भूगोल आहे. विद्यार्थ्यांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा, ही त्यातली अपेक्षा मला आजही टोचते. पोरांच्या हातांकडे उत्पन्न म्हणून पाहू नये. पण मूळ कल्पनेचं पुढे जे झालं, ते जास्त टोचतं. कार्यानुभवाचा तास उरला, तोही बहुधा गणिताच्या सरांनी मागून घेतलेला. आणि थर्माकोलचा ताजमहाल, ज्याची श्रेणी खरं तर आईच्या जागरणाची असते.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते त्या कोरडवाहू गावात आले. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक दिवस हातांचा असतो. लोखंडी अँगल कापायचा, वीजजोडणी करायची, रोपवाटिका सांभाळायची, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा पदार्थ शिजवतो. केलेली वस्तू गावात कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, ही अट मला फार आवडते. प्रदर्शनातल्या टेबलाला डुगडुगणं माफ असतं. अंगणवाडीतल्या टेबलाला नसतं.

‘अभ्यासात डोकं चालत नाही, टेक्निकलला घाला,’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे. लाकडाच्या शिरांच्या उलट्या दिशेने रंधा फिरवून पाहावा त्या बोलणाऱ्याने. तिथं डोकंच लागतं.

कलबागांच्या रचनेत हे हातकाम शिकवायला गावातलेच जाणकार येतात. अशा माणसाजवळ पदवी नसते, म्हणून एरवी शाळेत त्याला फक्त मोडके बाक जोडायला बोलावतात. तो व्हरांड्यात काम करत बसला की अख्खा वर्ग खिडकीकडे वळतो, आणि मग लक्ष नाही म्हणून पोरांना ओरडा बसतो.