खोटी हाक

रामदासपेठ, नागपूर
रविवार

प्रिय ताई,



परवा फोनवर मागं कोंबडा आरवला तर तुला वाटलं, मी गावीच आले. नाही गं. शेजारचा जुना बंगला पाडला, तिथं आता सात मजली इमारत होतेय. चौकीदाराच्या बायकोनं विटांच्या थप्पीआड चार कोंबड्या अन् एक कोंबडा पाळलाय.

त्याच्या आरवण्यावर निम्मी सोसायटी चिडलीय. मला विचारशील तर आरवणं हेच त्याच्या बोलण्यातलं सगळ्यात नीरस. ते नुसतं घड्याळ. जपानमध्ये २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते आपल्या वेळेला आरवत राहिले. म्हणजे कोंबडं झाकलं तर तांबडं फुटायचं राहत नाहीच, कोंबडंही गप्प बसत नाही!

खरी गंमत बाकीच्या आवाजांत. दाणा दिसला की तो चोचीत धरतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि घाईघाईनं 'कुक्-कुक्-कुक्' करतो. घार दिसली की मान तिरपी करून एक डोळा आभाळाला लावतो अन् बारीक, लांब सूर काढतो. कोंबड्या दबतात, आडोसा धरतात. बोका आला तर तो सूर नाही. तेव्हा मोठ्यानं तुटक 'कॉक्-कॉक्-कॉकॅऽक्', आणि कोंबड्या माना ताठ करून आजूबाजूला बघतात. ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी १९९३ मध्ये हे आवाज नुसते ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. शत्रू कुठंच नव्हता, तरी कोंबड्या ज्या त्या हाकेप्रमाणे वागल्या. आजीच्या खुडूक कोंबडीखाली हात घातला की ती पिसं फुलवून कशी गुरगुरायची, आठवतं? आपल्याला तेवढा एक शब्द पक्का कळायचा.

मग मलाही खुमखुमी आली. आठवडाभर घशात 'कुक्-कुक्' घोटून कुंपणाशी उभी राहिले. पहिल्या दिवशी चारही धावत आल्या. हातात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी एकीनं नुसती मान वळवली अन् पुन्हा माती उकरू लागली.

चौकीदाराची बायको भंडाऱ्याकडची. पदर तोंडाला लावून म्हणाली, "काऊन जी बाई, रिकाम्या हातानं बलावता?" आणि तिनं नुसतं 'तीऽ तीऽ तीऽ' केलं. कोंबडीच्या कुठल्याही आवाजाशी त्याचं काडीचं साम्य नाही. तरी कोंबडाही धावला! तिच्या ओंजळीत तांदळाची कणी होती.

कोंबडा स्वतः काही फार सज्जन नसतो म्हणा. कोंबडी लांब असली की खाण्याजोगं काही नसतानाही तो दाण्याची हाक देतो, हे मार्लर मंडळींनीच पाहिलंय. पण त्याला तुरा आहे, मला नाही.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा शेतातली ज्वारी आण, किलोभर पुरे. तोवर मी तोंड बंद ठेवलंय.

तुझी,
धाकटी