संगणकावरची लाल परी

इतरांच्या चुका ऐकून घेणे हा आमच्या सेवेचा एक भाग आहे. स्वतःची चूक चारचौघांपुढे मांडण्याचा प्रसंग मात्र आम्हांवर क्वचितच येतो. तो २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात आला आणि तोही संगणकावरील एका खेळापायी, हे वाचून आमच्या परिचयाच्या वाचकांना हसू येईल. संगणकावरील खेळांविषयीचे आमचे मत त्यांना ठाऊक आहे. किंबहुना त्या मतामुळेच ही चूक घडली.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला लागून एक पत्र्याची खोली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागात ज्या घाईने इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकीच ती एक. त्या खोलीत सहा संगणक आहेत. पुण्याच्या एका कचेरीने वापरून झाल्यावर ते आम्हांस दिले. धाराशिव जिल्ह्यातील आमच्यासारख्या गावात हे दान मोलाचे असते. मुले तेथे टंकलेखन शिकतात, शाळा-महाविद्यालयाची टिपणे काढतात, नोकरीचे अर्ज भरतात. या संगणकांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला, म्हणजे सुरक्षिततेची नवी दुरुस्ती येणे सर्वसाधारणपणे बंद झाले. विंडोज ११ ला जे सुरक्षा-यंत्रांग लागते ते या जुन्या संगणकांत नव्हते. चांगले चालणारे संगणक भंगारात कसे घालावे? एका जाणत्या तरुणाने लिनक्स मिंट सुचविले. विनामूल्य, हलके आणि कायदेशीर. आम्ही पेन ड्राईव्ह घेऊन स्वतःच बसलो. ‘डिस्क पुसून नव्याने बसवा’ असा पर्याय आला, तो आम्ही निवडला. सहाही वेळा.

पुसण्यापूर्वी आम्ही आत पाहिले नव्हते असे मात्र नाही. चौथ्या संगणकात खेळाच्या नावाचे एक भलेमोठे फोल्डर होते. खेळच तो, गेला तर बरेच झाले, असे आम्ही मनात म्हणालो, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरावीत शिकणारा एक मुलगा दारात उभा राहिला. “फादर, माझी गाडी कुठं गेली?”

आम्हांस वाटले, सायकल चोरीला गेली. आम्ही बाहेर येऊन भिंतीकडे पाहू लागलो. तो म्हणाला, “सायकल नाही फादर. एस.टी.”

हळूहळू उलगडा झाला. युरो ट्रक सिम्युलेटर २ नावाचा एक खेळ आहे. प्रागच्या एस.सी.एस. सॉफ्टवेअर या संस्थेने तो २०१२ मध्ये काढला. त्यात युरोपच्या रस्त्यांवरून मालवाहू गाड्या हाकायच्या. गोळीबार नाही, रक्तपात नाही. सिग्नल मोडला तर दंड, झोप आली तर थांबा. आमच्या गावातल्या बऱ्याच चालकांना दाखवावा असा हा खेळ. त्याच्या कर्त्यांनी एक दार मुद्दाम उघडे ठेवले आहे: कोणीही आपली गाडी, आपला रंग, आपला रस्ता तयार करून खेळात घालावा. या भर घालण्याला मुले ‘मॉड’ म्हणतात. महाराष्ट्रातली मुले अशा खेळांत राज्य परिवहनची लाल गाडी घालतात. मोबाईलवरच्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’तही ती धावते. आमच्या या मुलाने मात्र कोणाची आयती गाडी घेतली नव्हती. आठ महिने खपून त्याने आपली गाडी स्वतः घडवीत आणली होती, आणि ती त्याच्या वडिलांची गाडी होती.

वडील एस.टी.चे चालक. मधुमेहाने दृष्टी अधू झाली, तेव्हापासून त्यांच्या हाती चाक नाही. आगारातच दुसरे काम करतात. मोठे अक्षर, मोठे चित्र जवळून दिसते. तुळजापूरचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल याची गणती नाही. मुलगा एका वहीत त्यांच्या सांगण्यावरून लिहीत असे: चालकाच्या डाव्या हाताला काय, पायाशी काय, आरसा कोणत्या कोनात. आगारात उभ्या गाडीला टेप लावून त्याने मापेही घेतली होती. त्यांपैकी वही तेवढी उरली. बाकीचे आम्ही पुसले.

तो रडला नाही. रडला असता तर आमचे काम सोपे झाले असते. तो एवढेच म्हणाला, “तुम्हाला माहीत नव्हतं, फादर.” वस्तुतः आम्हांस माहीत करून घ्यायचे नव्हते. आम्ही त्याला शब्द दिला, की गाडी पुन्हा उभी राहीपर्यंत मिस्सेनंतरचा रोज एक तास आम्ही त्याच्याबरोबर बसू. शब्द देताना त्यात काय काय आहे याची कल्पना नव्हती.

एका संगणकावर पुन्हा विंडोज बसवावी, असे पहिल्यांदा वाटले. परंतु आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडून मुलांच्या हाती देणे आम्हांस पटेना. लिनक्सवरच करून पाहू, असे ठरले. खेळाची अडचण आली नाही, कारण हा खेळ लिनक्सवरही चालतो. त्याची प्रत त्याने सणाच्या पैशांतून, सवलतीच्या दिवसांत रीतसर विकत घेतली होती. हे विचारताना आम्ही थोडे संशयाने विचारले, हेही कबूल करतो.

अडचण आली ती पुढे. मॉडचे फोल्डर विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असे. येथे ‘डॉक्युमेंट्स’ रिकामे! दोन संध्याकाळी आम्ही ते शोधण्यात घालविल्या. लिनक्समध्ये ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असते ते डोळ्यांआड राहते. कंट्रोल आणि एच ही बटणे एकदम दाबली की सारी लपलेली फोल्डरे दिसू लागतात. ‘.लोकल’च्या पोटात ‘शेअर’, ‘शेअर’च्या पोटात खेळाचे नाव, आणि त्यात ‘मॉड’. सापडले तेव्हा मुलगा ओरडला आणि आम्हीही ओरडलो. सभागृहात प्रार्थनेला जमलेल्या भगिनी दारात येऊन पाहून गेल्या.

दुसरी अडचण अक्षरांची. मुलाने नव्याने लिहिलेल्या पहिल्या चित्राचे नाव मोठ्या रोमन अक्षराने सुरू होत होते, आणि त्याला बोलावणाऱ्या मजकुरात तेच नाव लहान अक्षरात होते. विंडोज अशा ठिकाणी दोहोंत भेद करीत नाही. लिनक्सला मात्र ती दोन निरनिराळी नावे वाटतात. परिणामी गाडी आली, पण तिच्यावर रंग चढेना. हा दोष शोधताना आम्हांस १९९८ सालची एक गोष्ट आठवली. आमच्या सणाची पत्रिका आम्ही एका मराठी टंकात मोठ्या हौसेने जुळविली आणि फ्लॉपीवरून छापखान्यात पाठविली. तेथे तो टंक नव्हता. मुद्रकाने दूरध्वनी करून विचारले, “फादर, हे लॅटिन आहे काय?” युनिकोड रूढ होण्यापूर्वी ज्यांनी मराठीत अक्षरजुळणी केली, त्यांना हे दुःख निराळे सांगायला नको. मजकूर जिथल्या तिथे असतो. वाचणाऱ्याची चावी तेवढी वेगळी असते.

तिसरी अडचण हत्यारांची. गाडीचा त्रिमितीय आकार मुलगा ज्या आज्ञावलीत घडवीत असे ती केवळ विंडोजसाठी बनलेली. आता ‘वाईन’चा आश्रय घ्यावा लागला. नाव ऐकून आमच्या वेदीसेवकांत खसखस पिकली. वास्तविक ते नाव म्हणजे एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे आहेत. हे विंडोजचे सोंग नव्हे, अशा अर्थाचे ते वाक्य. १९९३ पासून जगभरचे लोक ते घडवीत आले आहेत. त्याचे काम दुभाष्याचे. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली तिच्या भाषेत काही मागते, वाईन ती मागणी लिनक्सला समजेल अशा शब्दांत सांगते आणि उत्तर परत आणते. ते एका लपलेल्या फोल्डरात ‘सी’ ड्राईव्हसुद्धा मांडून देते, म्हणजे आलेल्या पाहुण्याला आपण घरीच आहोत असे वाटावे. तरीही मुलाची ती जुनी आज्ञावली रुळेना. उघडे, पण तिच्यातल्या चौकटी काळ्याच राहत. आठवडाभर आम्ही तिच्याशी झगडलो. तो आठवडा वाया गेला असेच आमचे मत आहे, आणि या वाटेने निघणाऱ्या इतर मुलांना आमचे सांगणे असे, की पाहुणे हत्यार रुसले तर त्याची मनधरणी फार काळ करू नये. आपल्या घरात जन्मलेले हत्यार आहे का ते आधी पाहावे.

तसे हत्यार होते. ब्लेंडर त्याचे नाव. त्याची कथा आम्हांस फार आवडली. हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यांनी ते घडविले. कंपनी बुडाली तेव्हा ते अडगळीत जाणार होते. २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले आणि ते सोडवून घेऊन सर्वांना मोकळे केले. वर्गणी काढून देऊळ बांधलेले आपण ऐकतो. वर्गणी काढून हत्यार सोडविलेले आम्ही प्रथमच ऐकले. खेळाच्या कर्त्यांनीही ब्लेंडरसाठी एक जोडसाधन विनामूल्य दिले आहे. त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे ब्लेंडरमधला आकार खेळाला समजेल अशा रूपात आणणारी आज्ञावली, विंडोजचीच आहे. तेथे मात्र वाईनने इमानाने काम केले.

मुलगा ब्लेंडर शिकू लागला. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स व इतर मुक्त आज्ञावलींचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. आम्ही त्यांतले लिनक्सचे धडे पाहिले. आमच्या वाट्याला रंगकाम आले. नवशिक्याने रंगापासूनच सुरुवात करावी, हे आता आम्ही अनुभवाने सांगतो. आकार घडविण्यास महिने लागतात, रंगाला एक संध्याकाळ पुरते. गिम्प नावाच्या चित्रकामाच्या आज्ञावलीत चित्र काढायचे, लांबी-रुंदी १०२४, २०४८ अशी दुपटीच्या पाढ्यातली ठेवायची, खेळाला लागणाऱ्या प्रकारात साठवायचे. सोबत एक छोटी मजकुराची फाईल लागते. तीत मॉडचे नाव, आवृत्ती, कर्ता. ती साध्या मजकुराची असते, कोणालाही वाचता येते. सारे एकत्र बांधून गठडी करायची. आमची पहिली गठडी खेळाने ओळखलीच नाही. आम्ही फोल्डरच्या आतल्या वस्तू बांधण्याऐवजी फोल्डरच बांधले होते, म्हणून ती छोटी फाईल एक पायरी आत राहिली. खेळ दारातच पाहतो, आत शिरून शोधीत नाही.

खेळ चालू असताना काय बिघडले याची नोंद तो स्वतःच एका फाईलमध्ये ओळीओळीने ठेवतो. मुलगा ती वाचण्याचा कंटाळा करी. आम्ही त्याला म्हटले, अरे, रोज रात्री आम्ही हेच करतो, दिवसभराची नोंद वाचतो. तो म्हणाला, “मग तुमच्या नोंदीत माझी गाडी आली होती का?” आली होती, असे आम्ही त्याला सांगितले.

जानेवारीच्या एका रविवारी वडील खोलीत आले. पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. आमचा लाल रंग पाहून त्यांनी मान हलवली. “फादर, ह्यो लाल न्हाई. ही मिरची झाली. आपली गाडी उन्हात उभी राहून राहून विटकरीकडं झुकती.” आम्ही रंग दोनदा बदलला. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, याचा अर्थ आम्ही होकार असा घेतला.

गाडी अजून पुरी झालेली नाही. मागची आसने नाहीत, टपावरची शिडी नाही. परंतु चाक, गिअर आणि समोरची काच झाली होती. मुलाने ती इंग्लंडच्या नकाशावर उतरविली. युरोपात बहुतेक ठिकाणी वाहने उजवीकडून धावतात, इंग्लंडात आपल्याप्रमाणे डावीकडून. वडिलांना उलट्या बाजूने गाडी बघवणार नाही, असे त्याचे म्हणणे. डोव्हरहून लंडनच्या रस्त्याला लाल गाडी लागली. बाहेर पाऊस होता, खेळातल्या काचेवर. मुलगा चाक धरून होता, वडील त्याच्या मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. चढ आला.

“दोन नंबर टाक,” ते म्हणाले. “इंजिन रडायला लागायच्या आधी टाक.”

त्याने टाकला. गाडी चढली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थांबा आला, गाडी उभी राहिली, आणि पुन्हा निघायची वेळ झाली. वडील वाट पाहत राहिले. शेवटी त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, “फादर, घंटी कुठाय? कंडक्टरनं दोनदा मारल्याबिगर गाडी हलवायची कशी?”

या खेळातला आवाज एका निराळ्याच आज्ञावलीतून घडवावा लागतो, ती आम्ही अजून उघडूनही पाहिलेली नाही. पुढच्या शनिवारी आगारात जाऊन घंटीचा आवाज मोबाईलवर टिपून आणण्याचे ठरले आहे. दोरी वडील स्वतः ओढणार आहेत.