सीटबेल्ट ओढून पाहिलास का?

रविवारी सकाळी लोक लोणावळा गाठतात. मी गाठला कुर्ल्याचा सीएसटी रोड! कलिन्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर गाडीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. दारं, आरसे, गिअरबॉक्स, हेडलाइट्सचे ढीग... आणि हवेत ग्रीस अन् कटिंग चहाचा मिक्स वास.

मला सेकंडहँड गाडी घ्यायची होती. निम्मे पैसे बाबांच्या पीएफचे, म्हणून टेन्शनही डबल. सोबत होते आमच्या सोसायटीचे मेकॅनिक चाचा. ‘‘पहले इधर सीखो, फिर गाडी देखो,’’ म्हणत त्यांनी भंगारातच शाळा भरवली.

धडा पहिला, टायर. खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं, की खाच उरते जेमतेम १.६ मिलिमीटर. म्हणजे टायर बाद! बाजूवरचे शेवटचे चार आकडे ही त्याची जन्मतारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एकाच कडेला जास्त झीज? मग अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये लोचा.

आता खरी परीक्षा. गल्लीच्या टोकाला चकाचक हॅचबॅक उभी होती. सिंगल ओनर, किंमत बजेटमध्ये. मी तर मनातल्या मनात एफएमही लावला होता! चाचांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधीच कुणीतरी सुरू करून ठेवली होती. आजारी इंजिन थंड असतानाच कुरकुरतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, थांबतच नसलेला पांढरा म्हणजे बहुधा कूलंट. इथे धूर नव्हता. ब्रेकचं पेडल दाबून धरलं, तेही हळूहळू खाली गेलं नाही. चासी नंबर आरसीशी जुळला. मी खुश!

मग चाचांनी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ, शेवटच्या वीतभर भागावर मातीची सरळ रेघ. सीटखालच्या रेल्सना गंज. गाडी पाण्यात बुडाली होती.

हे त्यांना कुणी शिकवलं? २६ जुलै २००५ ने. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी या भागात घुसली आणि चाचांचं गॅरेज गळ्यापर्यंत भरलं. ‘‘पानी उतर जाता है, वायरिंग में बैठा रहता है,’’ ते म्हणाले. विक्रेत्याने लगेच वीस हजार कमी केले. तेव्हा तर खात्रीच पटली.

परतताना रिक्षातून बाबांना फोन केला. ‘‘नाही घेतली.’’ दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, ‘‘चाचांना जेवायलाच घेऊन ये.’’

गाडी अजून शोधतोय. शोरूमसारखी चमकणारी दिसली, की आधी सीटबेल्ट ओढतो. तुम्हीही ओढा, बॉस!