रेडा, पखाल आणि तीन लिटर पाणी

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज पुढे ढकललं गेलं की इंजिनिअर माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. झोपतो, नाहीतर काहीतरी विकत घ्यायचं म्हणून एक्सेल शीट उघडतो. मी शीट उघडली.

विषय होता पाठीवरची पाण्याची बॅग, म्हणजे हायड्रेशन पॅक. बॅगेत मऊ प्लॅस्टिकची पिशवी, तिला जोडलेली नळी खांद्यावरून पुढे येते, तिचं टोक दातात धरून चावलं की पाणी तोंडात. सायकल चालवताना हँडल सोडायला नको, ट्रेकला बॅग उतरवून बाटली शोधायला नको. ११ बॅगा, ९ कॉलम, प्रत्येक कॉलमला वेटेज. बायकोने मागून डोकावून विचारलं, "पाणीच प्यायचंय ना?" त्या प्रश्नाला कॉलम नव्हता.

या बॅगेचा जन्मही मजेशीर आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये भर ऑगस्टात होणाऱ्या शंभर मैलांच्या एका सायकल राईडला मायकेल आयडसन नावाचा गडी उतरला होता. पेशाने इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. त्याने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीवर अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. लोक हसले असतील, पण पुढे त्यातूनच 'कॅमलबॅक' उभी राहिली.

तर शीटने कौल दिला तो सगळ्यात मोठ्या बॅगेला. तीन लिटर पाणी आणि वर १५ लिटर सामानाची जागा. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन, हे चौथीच्या पोरालाही कळतं. मला कळलं ते पहिल्या चढावर.

मार्चच्या शेवटी गावी गेलो होतो. गाव म्हणजे धाराशिव. कागदोपत्री ते २०२३ साली झालं, आमची आजी आधीपासूनच तसं म्हणायची. सोबत धाकटा चुलतभाऊ, नुकतीच बारावी संपवून मोकळा झालेला. बेत साधा होता. सकाळी निघायचं, वीसेक किलोमीटरवरच्या येडशीजवळ रामलिंगला जायचं, दुपारच्या आत परत. निघताना तो म्हणाला, "दादा, बाटली घेऊ का?"

मी म्हणालो, "कशाला? तीन लिटर आहे की माझ्याकडं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

रामलिंगचं मंदिर बालाघाटच्या डोंगरात, दरीत आहे. भोवती अभयारण्य. पावसाळ्यात धबधबा बघायला झुंबड उडते, मार्चमध्ये सगळं पिवळं आणि शांत. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथेच अडवलं, आणि मरणाला टेकलेल्या जटायूला पाणी पाजायला रामाने बाण मारून खडक फोडला, अशी कथा सांगतात. जटायूची समाधीही आहे तिथे. आम्ही दर्शन घेतलं, फोटो काढले आणि बॅग कठड्यावर ठेवून पाय पसरले.

पुढच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की होती. ती मला आठवायच्या आत माकडाला कळली. त्याने बॅग ओढली, आपटली, नळी चावून बघितली, चिक्की काढली आणि झाडावर. बॅग उचलून बघितली तर कुठे फाटलेली नव्हती. "चला, वाचली!" म्हणून पाठीला लावली आणि निघालो.

परतताना हायवेच्या ट्रकांना कंटाळून आतल्या कच्च्या रस्त्याने घुसलो. माउंटन बाईक आहे तर वापरूया, ही खुमखुमी. पाठ ओली लागत होती. घाम असेल म्हटलं. तासाभराने नळी चावली तर नुसती हवा. बॅग उतरवली. नळी पिशवीला जिथे जोडतात तिथला सांधा सुटला होता, आणि आमचं पाणी मागच्या फुफाट्यात थेंबाथेंबाने सांडून गेलं होतं.

साडेअकरा वाजले होते. दोन्हीकडे कापलेली रानं, कडब्याच्या गंजी, सावली नाही. माझं मी निभावलं असतं. पण भावाचं बोलणं बंद झालं होतं. मग तो सायकलवरून उतरून खालीच बसला. "दादा, डोळ्यापुढं अंधारी येतीय." मळमळत होतं, तोंड पांढरं पडलेलं. काकूला फोन करून काय सांगणार होतो मी? की बाटली त्याने मागितली होती, मीच नको म्हणालो?

लांब एका लिंबाखाली एक म्हातारे मामा दिसले. भावाला धरून तिथपर्यंत नेलं. लिंबाच्या बुंध्याशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली घागर. भावाने तांब्याला हात घातला तर मामांनी अडवला. "उन्हातनं आल्या आल्या घटाघटा पिऊ नगा. आधी हे खा." हातावर गुळाचा खडा. मग पाणी, घोट घोट. त्याला आडवं केलं, मानेवर ओलं फडकं. वीसेक मिनिटांत पोराच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग मामांचं लक्ष माझ्या पाठीकडे गेलं. "ते काय हाय?"

"पाण्याची पिशवी आहे, मामा."

"मग पाणी कुठाय?"

यावर काय बोलणार! नळी कशी, चावायचं कसं, सगळं दाखवलं. ते हसत म्हणाले, "म्हंजी रेडा बी तुमीच आन् पखाली बी तुमीच."

'आजार रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण मीटिंगमध्ये सर्रास वापरतो. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहायची कातडी पिशवी, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. म्हणजे बॅग आपल्याकडे टेक्सासच्या कितीतरी आधीपासून होती. निघताना मामांनी माझी पिशवी सांधा बसवून अर्धी भरून दिली, त्याच घागरीतून. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते लातूर इथून शेजारीच. अशा मुलखात घागर रिकामी करणाऱ्याला पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

असो. पुण्याला येऊन शीट नव्याने केली. आता कॉलम चारच.

सायकलला दीड-दोन लिटरची बारकी बॅग पुरते. ती पाठीला खाली, घट्ट बसायला हवी. छातीचा आणि कमरेचा पट्टा हवाच, नाहीतर उतारावर पाणी एकीकडे आणि आपण दुसरीकडे. तीन लिटर दिवसभराच्या ट्रेकला. पिशवीचं तोंड रुंद हवं, हात आत घालून घासता आली पाहिजे, नाहीतर आत बुरशी धरते. म्हणूनच साखरेचं पाणी त्यात कधीच नको. आणि सांधा दुकानातच पाणी भरून, हिसका देऊन बघायचा.

पण या बॅगेचा खरा दोष किती पाणी उरलंय ते दिसत नाही हा आहे. पेट्रोलचा काटा नसलेली गाडी! म्हणून फ्रेमवर एक साधी बाटली वेगळी. त्यात लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मामांचा गूळही हेच काम करत होता, साखर सोबत असली की आतडी पाणी आणि मीठ लवकर ओढून घेतात.

आठवडाभर मी लोकांच्या सर्व्हरला बॅकअप ठेवतो, एक बंद पडला तर दुसरा चालू. आणि धाकट्या भावाचं सगळं पाणी मी एका सांध्यावर लटकवलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नळदुर्गला जाणार आहोत. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल त्याला दाखवायचाय. परवा त्याचा फोन आला, "दादा, माझी बाटली मीच आणतो." :-)

बरोबर आहे त्याचं. जाताना त्या लिंबाकडे वाट वाकडी करणार आहे. बॅगेत तीन किलो गूळ घेऊन.