पुसलेल्या माणसाची जागा

लग्नाच्या फोटोतून नकोसा माणूस पुसणं आता पोरखेळ झालंय. २०१० साली फोटोशॉपमध्ये भोवतालचं पाहून रिकामी जागा भरायची सोय आली. २०२१ मध्ये गूगलने तशीच करामत फोनमध्ये आणली. पण पुसलेल्या माणसामागे काय होतं, हे कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. ते यंत्र रचतं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभा असलेला मामा पुसून पाहा. त्याच्या जागी झेंडूच्या माळा येतात, शेजारच्या माळेची हुबेहूब नक्कल, आणि कधी तिच्या खांद्यावर चार बोटं उरतात, कुणाचीच नसलेली. त्यापेक्षा कडेचा माणूस सरळ कापलेला बरा. तिथे कमी दिसतं, खोटं दिसत नाही.

सोव्हिएत हुकूमशहा स्टॅलिनच्या फोटोत त्याच्या शेजारून त्याचाच गुप्त पोलीसप्रमुख येझोव्ह याला गायब केलं, ती सत्तेची लबाडी. घरच्या अल्बमला तो निकष कशाला, असं कुणी म्हणेल. फरक आहेच. शिवाय मारहाण करणारा नवरा भिंतीवर रोज का पाहावा? मुळीच पाहू नये. भिंतीवरची प्रत ज्याची त्याची. माझा आक्षेप मूळ फाइलवर हात चालवण्याला आहे. ती एकट्याची नसते. विवाहनोंदणीत, वेळ पडल्यास कोर्टातही, असेच फोटो पुढे करावे लागतात. आणि मानपानावरून रुसले म्हणून पुसलेले काका बारशाच्या पंगतीत पुन्हा हजर होतात (जिलबी वाढायला तेच पुढे!). तेव्हा मूळ फोटोसाठी फोटोग्राफरकडे धावावं, तर त्याने तोवर हार्ड डिस्क रिकामी केलेली असू शकते.