सोन्याचे कान

कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांना कानाचे दुखणे बहुधा वारशानेच मिळते. वाईतल्या एका जुन्या वाड्यात वाढलेला सोन्या याच जातीचा. त्याचे कान इतके लांब की पाणी पिताना त्यांच्या कडा भांड्यात बुडत. अशा केसाळ, लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही. त्यात या जातीच्या कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही जास्त असतात. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळून पडद्यापाशी पोचते, त्यामुळे आत गेलेले पाणी किंवा कुसळ आपोआप बाहेर पडणे अवघड. या नळीचे अस्तर म्हणजे कातडीच. कातडीचे बरेच विकार म्हणूनच कानात आधी उमटतात.

सोन्याचे पहिले दुखणे पिल्लूपणातले. मागच्या अंगणात व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांशी त्याची गट्टी होती आणि त्यांच्याकडूनच त्याला कानातले माइट लागले. हे बारीक जीव एका जनावराच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ साठतो आणि खाज इतकी सुटते की कुत्रा मागच्या पायाने कान ओरबाडून रक्त काढतो. औषधाने माइट मरतात. मात्र घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना ते एकाच वेळी द्यावे लागते. सोन्याबरोबर मांजरीच्या पिल्लांनाही औषध पडले, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटले.

पावसाळ्यानंतर वाईभोवतालच्या माळांवर कुसळी गवत वाळते. एका सकाळी माळावरून परतलेला सोन्या अचानक मान एका बाजूला कलती करून डोके झटकू लागला. दुखणे असे एकाएकी आणि एकाच कानात सुरू झाले, तर पहिला संशय कुसळावर घ्यावा. त्याचे टोक एकाच दिशेने सरकते, त्यामुळे ते आत आत जात राहते आणि कधी पडदाही भेदते. घरच्या चिमट्याचे हे काम नव्हे. डॉक्टरांनी सोन्याला गुंगी देऊन, दिव्याच्या नळीतून पाहत, लांब चिमट्याने कुसळ काढले. त्यानंतर हिवाळ्यात फिरून आल्यावर त्याचे कान उलटून पाहण्याचा आणि कानाखालचे केस बारीक कातरण्याचा रिवाज पडला.

खरे चिवट दुखणे सुरू झाले ते पावसाळ्यात. सोन्याला कृष्णेत डुंबायचा नाद होता. दोन्ही कानांना आंबूस वास येऊ लागला, आत तपकिरी चिकट मळ दिसू लागला. घरातल्या आजींनी लेकरांच्या कानात घालतात तसे लसूण टाकून कढवलेले तेल घातले. माया खरी, उपाय उलटा. कानात माजणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट स्निग्ध पदार्थांवरच पोसते, आणि पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरते. निरोगी कानातही हे यीस्ट थोडे असतेच. ओल आणि सूज मिळाली की ते बेसुमार वाढते.

अशा वेळी कापसाच्या बोळ्याने मळ घेऊन काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यीस्ट आहे, गोल जिवाणू आहेत की दांड्यासारखे, हे काही मिनिटांत कळते आणि औषध त्यावरून ठरते. एवढी साधी तपासणी टाळून मागच्या वर्षीची बाटली पुन्हा ओतणे हा घरोघरचा आळस. कानातल्या थेंबांत बहुधा यीस्टवरचे औषध, प्रतिजैविक आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड अशी तिन्ही असतात. पडदा शाबूत आहे ना, हे आधी पाहावे लागते, कारण जेंटामायसिनसारखी औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. वास गेला म्हणून औषध थांबवायचे नसते; काचपट्टी स्वच्छ दिसेपर्यंत ते चालू ठेवतात.

धुण्याचीही रीत आहे. कुत्र्यांसाठीचे कान धुण्याचे द्रावण नळी भरेपर्यंत ओतायचे, कानाचा बुडखा बाहेरून चोळायचा, कुत्र्याला डोके झटकू द्यायचे आणि बोट पोचेल तेवढाच मळ कापसाने टिपायचा. कापसाच्या काड्या मळ आणखी आत ढकलतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुजलेल्या कातडीला झोंबतात. रोज धुणेही वाईट, त्याने अस्तर सतत ओले राहते. सोन्याचे कान डुंबून आल्यावर कोरडे करत आणि एरवी आठवड्यातून एकदा धुत.

तरीही दुखणे उलटत राहिले. सोन्या पायाचे पंजे चाटतो, पोट खाजवतो, हे लक्षात आल्यावर डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचा संशय घेतला. त्याने पूर्वी कधी न खाल्लेले मटण आणि बटाटा, एवढेच अन्न आठ आठवडे. बिस्कीट नाही, दूध नाही, पंगतीतला उष्टा घासही नाही. हे शेवटचे सांभाळणे सर्वांत कठीण गेले. खाज ओसरली, पुन्हा चिकन दिल्यावर ती परतली. चिकन कायमचे बंद झाले आणि कानांचा ताप निम्म्यावर आला.

त्याआधीच्या झटकण्याने डाव्या कानाच्या पाळीत रक्तवाहिनी फुटून रक्त साचले होते. ते काढून पाळी टाक्यांनी दाबून बसवावी लागली, तरी कान सुरकुतलाच. म्हातारपणी त्याच कानाची नळी जाड होऊन चुना साचल्याने कठीण झाली. थेंब आत जाईनात. मान कलणे आणि तोल जाणे सुरू झाले, म्हणजे आजार मध्यकर्णाच्या पुढे गेला होता. अशा वेळी पूर्ण नळी काढून मध्यकर्ण साफ करण्याची शस्त्रक्रिया उरते. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, त्यामुळे पापणी लुळी पडण्याचा धोका असतो आणि त्या कानाचे ऐकणे बहुतेक संपते. सोन्याची पापणी काही दिवस मिटेना, डोळ्यात थेंब घालावे लागले. पुढे ती सुधारली. त्या बाजूची वेदना मात्र गेली. तो पुन्हा दोन्ही बाजूंनी चावून खाऊ लागला. उजव्या कानाचे धुणे शेवटपर्यंत चालू होते.